जुन्या हॉट हॅचबॅकचे ब्रेक सुधारताना: तपासणीपासून पहिल्या चाचणीपर्यंत

१९७६ मध्ये विक्रीस आलेली फोक्सवागन गोल्फ जीटीआय आणि १९८४ ची प्यूजो २०५ जीटीआय या दोन गाड्यांनी हॉट हॅचबॅक या प्रकाराला आकार दिला. घरगुती वापराच्या हलक्या गाडीत तिच्या मानाने बरेच दमदार इंजिन बसवायचे, सस्पेन्शन कडक करायचे आणि ब्रेक त्याच घराण्यातले, पण थोडे वाढवून द्यायचे, अशी ही रीत होती. पहिल्या गोल्फ जीटीआयला पुढे २३९ मिलिमीटर व्यासाच्या व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणाऱ्या) डिस्क आणि मागे ड्रम (आतून शू दाबून थांबवले जाणारे पिंप) होते. २०५ च्या १.६ लिटर आवृत्तीतही मागे ड्रमच होते, १.९ लिटरच्या आवृत्तीला मात्र चारही चाकांवर डिस्क मिळाल्या. नवी असताना ही व्यवस्था त्या वजनाला पुरत असे. आज तीस-चाळीस वर्षांनी अशी गाडी हाती येते तेव्हा तिचे इंजिन बहुधा वाढवलेले असते, टायर रुंद झालेले असतात आणि ब्रेकचे निम्मे भाग गंजाने अर्धवट अडकलेले असतात. अशा वेळी थेट मोठे कॅलिपर, म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंनी घर्षणाचे पॅड दाबणारे भाग, मागवण्याचा मोह होतो. तो आवरावा, आणि आधी गाडीचे मूळ ब्रेक नव्यासारखे करून मग गरजेपुरतीच एकेक पायरी वर चढावी, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. गाडी थांबवण्याची अंतिम मर्यादा टायर आणि रस्ता यांच्यातील पकड ठरवते, ब्रेक नव्हे. चांगल्या स्थितीतील मूळ ब्रेक जोराने दाबल्यावर चाके लॉक होत (फिरायची थांबून घसरत) असतील, तर मोठ्या डिस्कमुळे एका थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग वारंवार ब्रेक लावताना निर्माण होणारी उष्णता सामावून घेण्यासाठी असतो. १,००० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे ३८५ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. वेग १४० असेल तर हाच आकडा ७५५ च्या आसपास जातो. वेग चाळीस टक्क्यांनी वाढला, उष्णता जवळपास दुप्पट झाली. घाटातल्या लांब उतारावर किंवा ट्रॅकवर हीच गोष्ट दर वळणाला घडते, आणि ब्रेक तिथेच हार मानतात.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तक्रार नेमकी कोणती आहे ते ओळखावे. पेडल कडक राहते पण गाडी थांबत नाही, असे गरम झाल्यावर होत असेल तर पॅडने आपली तापमानमर्यादा ओलांडली आहे. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळले आहे आणि नळ्यांत वाफ झाली आहे. पेडल थंड असतानाही मऊ असेल तर नळ्यांतली हवा, फुगणारे जुने रबरी होज (लवचीक नळ्या) किंवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा भाग) यांपैकी काहीतरी दोषी असते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखादा कॅलिपर जाम आहे. यांतल्या बहुतेक तक्रारी मोठ्या डिस्कने सुटत नाहीत. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या पहिल्या पिढीच्या गोल्फचे उदाहरण बोलके आहे: त्या गाडीत पेडल उजवीकडे, तर सर्व्हो (इंजिनाच्या निर्वातावर पायाचा जोर वाढवणारे साधन) आणि मास्टर सिलिंडर डावीकडेच राहिले आहेत आणि दोहोंना जोडणारी आडवी दांडी मध्ये आहे. तिच्या सांध्यांतली झीज आणि लवचीकता पेडलला जाणवते. तिथे पुढचे कॅलिपर कितीही भारी बसवले, तरी सांधे नीट केल्याशिवाय पेडल घट्ट लागणार नाही.

मूळ ब्रेक पूर्ववत करणे

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी, चाकांना पाचर लावावी आणि जॅकवर उचलल्यानंतर तिचा भार भक्कम स्टँडवर घ्यावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालू नये. जुन्या गाड्यांच्या पॅड आणि शूमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ब्रेकची धूळ हवेच्या दाबाने कधीही उडवू नये. ब्रेक क्लीनरने ती ओली करून पुसून घ्यावी आणि मास्क वापरावा.

कॅलिपर उघडल्यावर पिस्टनकडे बारकाईने पाहावे. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते. ब्रेक दाबल्यावर पिस्टन पुढे सरकतो तेव्हा ही सील किंचित पिळली जाते, आणि पाय उचलताच पूर्ववत होताना पिस्टनला तितकेच मागे खेचते. पिस्टन मागे आणण्याची दुसरी कोणतीही स्प्रिंग तिथे नसते. सील कडक झाली किंवा तिच्या खाचेत गंज साचला, की पॅड डिस्कला घासत राहतो. आणखी एक सापळा इथेच दडलेला असतो. पॅड झिजत जातो तसा पिस्टन बाहेर येतो, आणि फाटक्या बुटातून (पिस्टनवरच्या रबरी आवरणातून) पाणी शिरून त्याच्या उघड्या भागावर गंजाचे खड्डे पडतात. नवा, जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन आत ढकलला की तो खडबडीत भाग थेट सीलखाली जातो, आणि काल कोरडा असलेला कॅलिपर आज गळू लागतो. म्हणून पिस्टनवर नखाला जाणवेल असा खड्डा असेल तर पॉलिशवर भागवू नये. पिस्टन आणि सील दोन्ही नवे घालावेत. पिस्टन आत ढकलताना ब्लीड निपल (कॅलिपरवरचा हवा आणि ऑइल सोडण्याचा स्क्रू) सैल करून त्यातून जुने ऑइल बाहेर जाऊ द्यावे, म्हणजे तळाचा गाळ मास्टर सिलिंडरकडे परत जात नाही.

कॅलिपरच्या सरकत्या पिना स्वच्छ करून त्यांना सिलिकोनचे ग्रीस लावावे. ब्रेकच्या रबरी भागांना साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागता कामा नये, कारण हे रबर खनिज तेलाने फुगते आणि निकामी होते. मागच्या डिस्क ब्रेकमध्ये हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरमध्येच असेल, तर तिचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही. तो विशिष्ट हत्याराने फिरवत आत न्यावा लागतो. दुसऱ्या पिढीच्या गोल्फमध्ये हे मागचे कॅलिपर जाम होण्याची तक्रार इतकी सार्वत्रिक आहे, की अनेक मालक त्यांच्या जागी चौथ्या पिढीच्या गोल्फचे ॲल्युमिनियमचे कॅलिपर बसवतात. दिसायला साधा असलेला हा बदल मला पुढच्या मोठ्या डिस्कपेक्षा अधिक मोलाचा वाटतो, कारण जाम असलेला मागचा ब्रेक सगळे काम पुढच्यावर ढकलतो.

लोखंडी ब्रेक पाइप गाडीच्या पोटाखाली, विशेषतः क्लिपांच्या आत आणि मागच्या ॲक्सलच्या वर, गंजतात. पापुद्रे सुटलेला पाइप घासून रंगवण्यात अर्थ नाही. त्या जागी तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप घालता येतो. तो गंजत नाही आणि सहज वाकतो. त्याच्या टोकाचा फुगवटा मूळ पाइपच्याच प्रकारचा असला पाहिजे. वेगळ्या आकाराचे टोक कितीही आवळले, तरी ते गळते.

ब्रेक ऑइल आणि होज

या दोन गोष्टींवर खर्च थोडा होतो आणि फरक लगेच जाणवतो. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. ब्रेक ऑइलचे प्रकार डॉट या क्रमांकाने ओळखले जातात. मानकानुसार नव्या डॉट ३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६० असतो. ओलावा शोषलेल्या स्थितीत हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० इतके खाली येतात. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. गाडी ट्रॅकवर जात असेल तर त्याहून लवकर. डॉट ५ हे सिलिकोनचे ऑइल पूर्णतः वेगळे असून ते या इतर प्रकारांत मिसळत नाही. नाव सारखे म्हणून डॉट ५.१ च्या जागी डॉट ५ घालू नये.

जुने रबरी होज आतून सुजतात. कधी कधी आतला थर सुटून झडपेसारखा वागतो: दाब कॅलिपरपर्यंत जातो, परत येत नाही, आणि दोष मात्र कॅलिपरला दिला जातो. पोलादी जाळीचे वेष्टन असलेले होज दाबाखाली कमी फुगतात, त्यामुळे पेडल घट्ट लागते; मात्र ते प्रमाणित असावेत आणि त्यांची लांबी मूळ होजइतकीच असावी. बसवल्यावर चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबकळत ठेवून होज कुठे ताणत किंवा घासत नाही ना, हे पाहावे. पोलादी जाळी ज्या भागाला घासते, त्याला करवतीसारखी कापत जाते.

पॅडची निवड

पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरांचा संकेत असतो. पहिले अक्षर सामान्य तापमानातील घर्षण सांगते आणि दुसरे गरम स्थितीतील. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रस्त्यावरच्या गाडीसाठी दोन्ही अक्षरे सारखी असलेला पॅड घेणे श्रेयस्कर, कारण गरम झाल्यावरही पायाखालची भावना बदलत नाही. शर्यतीचे पॅड ऐकायला आकर्षक वाटतात, पण थंड असताना ते नीट धरत नाहीत, आणि रोजच्या वापरात पहिला तातडीचा ब्रेक नेमका थंड स्थितीतच लागतो. युरोपात बदली पॅडसाठी आर ९० हे मानक आहे. ते मूळ पॅडच्या कामगिरीशी असलेला फरक ठरावीक मर्यादेत ठेवते, म्हणून निदान पहिल्या टप्प्यात त्या चिन्हाचा पॅड निवडावा. पुढचे पॅड तीव्र आणि मागचे साधे अशी जोडी करू नये. त्याने समतोल बिघडतो, आणि हा समतोलच या सगळ्या कामाचा गाभा आहे.

मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर

इथवर सगळे केल्यावरही उष्णतेची तक्रार उरत असेल, तर मोठ्या डिस्ककडे वळावे. सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे त्याच कुटुंबातील जड किंवा अधिक वेगवान गाडीचे भाग घेणे. जुन्या गोल्फसाठी फोक्सवागनच्याच कोराडो जी६० च्या २८० मिलिमीटरच्या डिस्क, २०५ साठी प्यूजो ३०६ जीटीआय-६ च्या २८३ मिलिमीटरच्या डिस्क, हे पुष्कळांनी अनुसरलेले मार्ग आहेत. दोन्हींसाठी किमान १५ इंची चाके लागतात, १.६ लिटरच्या २०५ ची मूळ १४ इंची चाके त्यावर बसत नाहीत. चाकाचा नुसता व्यास पाहून निर्णय घेऊ नये. कॅलिपरचा बाह्याकार पुठ्ठ्यावर कापून तो चाकाच्या आतून फिरवावा आणि सर्व बाजूंनी किमान तीन मिलिमीटर मोकळीक आहे का ते बघावे. चाकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली संतुलनाची वजने ही मोकळीक खाऊन टाकतात, हे बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते.

चार पिस्टनचे कॅलिपर म्हणजे दुप्पट दाब, ही समजूत हिशेबाने तपासून पाहावी. एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरमध्ये ५४ मिलिमीटरचा पिस्टन असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,२९० चौरस मिलिमीटर भरते. स्थिर कॅलिपरमध्ये समोरासमोर पिस्टन असल्याने फक्त एकाच बाजूचे मोजायचे असतात. ३८ मिलिमीटरचे दोन पिस्टन धरले तर क्षेत्रफळ सुमारे २,२७० येते. म्हणजे पकडण्याचे बल जवळपास तितकेच. अशा कॅलिपरचे फायदे वेगळे आहेत: बांधणी कमी लवते, पॅड सर्वत्र सारखा दाबला जातो आणि वजन बहुधा कमी असते. हे फायदे खरे आहेत, पण दुकानात सांगितले जातात ते हे नव्हेत.

डिस्क साधी व्हेंटिलेटेड असली तरी रस्त्यासाठी पुरते. खाचा पाडलेल्या डिस्क पॅडचा पृष्ठभाग ताजा ठेवतात. भोके पाडलेल्या डिस्कना मात्र सतत तापल्या-थंडावल्याने भोकांच्या कडांशी तडे जाऊ शकतात, म्हणून या कामासाठी मी त्या सुचवणार नाही. आतली पाती वक्र असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते. गाडीवर बसवल्यावर डिस्कच्या वरच्या भागात पात्यांची बाहेरची टोके गाडीच्या मागच्या दिशेला झुकलेली दिसली पाहिजेत, तरच हवा मधून बाहेर फेकली जाते.

पुढे आणि मागे यांचा समतोल

१,००० किलोची गाडी घेऊ. स्थिर असताना तिचा ६२ टक्के भार पुढे, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि दोन ॲक्सलमधील अंतर २.४ मीटर. कोरड्या रस्त्यावर गुरुत्वाच्या ०.९ पट मंदन साधले, तर जवळपास १९० किलो भार मागून पुढे जातो. पुढच्या चाकांवर सुमारे ८१० किलो येतो आणि मागच्यांवर जेमतेम १९० उरतो. ओल्या रस्त्यावर मंदन ०.५ पटच मिळते, तेव्हा मागे सुमारे २७५ किलो असतो. म्हणजे मागच्या ब्रेकचा योग्य वाटा रस्त्यानुसार बदलतो, आणि मूळ निर्मात्याने मधला, सुरक्षित मार्ग निवडलेला असतो.

आता फक्त पुढच्या डिस्क २३९ वरून २८० वर नेल्या आणि पॅडची उंची ४५ मिलिमीटर धरली, तर प्रभावी त्रिज्या सुमारे ९७ वरून ११७ मिलिमीटर होते. त्याच दाबाला पुढचा ब्रेक २० टक्क्यांहून अधिक तीव्र झाला. मागचा होता तिथेच राहिला. ओल्या रस्त्यावर पुढची चाके आधी लॉक होतील आणि मागची पकड वाया जाईल. उलट टोकाची चूक अधिक घातक आहे. मागचे ब्रेक अति झाले तर मागची चाके आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. आखूड, मागे हलक्या हॅचबॅकला ते सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून पुढे थोडे जास्त, हा कल राखावा, आणि पुढे मोठा बदल केल्यास मागेही मोजका बदल करावा.

या गाड्यांपैकी अनेकींत मागच्या ॲक्सलला जोडलेला, भारानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी खाली बसवली की त्याची दांडी अशा स्थितीत येते, की व्हॉल्व्हला गाडी मागे भरलेली आहे असे वाटते आणि तो मागे जास्त दाब सोडतो. आखूड स्प्रिंग घातलेल्या गाडीत हा व्हॉल्व्ह पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जुळवलाच पाहिजे. हाताने फिरवायचा समतोल व्हॉल्व्ह बसवण्याची कल्पना अनेकांना सुचते; परंतु पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकची दोन सर्किटे तिरपी असतात, म्हणजे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकत्र. त्यामुळे एका व्हॉल्व्हने दोन्ही मागची चाके सुरक्षितपणे हाताळता येत नाहीत, आणि पाइपांची रचना बदलणे हे घरच्या गॅरेजात करण्याचे काम नाही. गाडीला एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर समतोलाला हात लावण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

मास्टर सिलिंडर आणि सर्व्हो

कॅलिपरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ वाढले तरच मास्टर सिलिंडर बदलण्याचा विचार करावा. २०.६ मिलिमीटरच्या जागी २२.२ मिलिमीटरचा घातल्यास क्षेत्रफळ १६ टक्क्यांनी वाढते: पेडलचा प्रवास कमी होतो, पण तेवढाच दाब निर्माण करायला पायाला १६ टक्के अधिक जोर लागतो. लांब पेडल आणि जड पेडल यांत निवड करायची असते; दोन्ही फायदे एकत्र मिळत नाहीत. सर्व्होची तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर सर्व्हो काम करतो आहे. इंजिनात तीव्र कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दंड) घातलेला असेल तर निर्वात कमी मिळतो आणि पेडल जड लागते, हेही ध्यानात घ्यावे.

बसवणे, हवा काढणे, रुळवणे

डिस्क बसवण्यापूर्वी हबची बैठक तारेच्या ब्रशने चकचकीत करावी. तिथे राहिलेला गंजाचा एक पापुद्राही डिस्क वाकडी फिरवतो. डिस्क बोल्टांनी आवळून डायल गेजने तिचे डगमगणे मोजावे, कडेजवळ ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त आढळल्यास डिस्क एक छिद्र फिरवून पुन्हा पाहावे. कॅलिपरचे बोल्ट नवे घ्यावेत आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच आवळावेत. डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसू शकतो. ब्लीड निपल वरच्या टोकाला आहे का ते पाहावे. तो खाली असेल तर हवा कधीच निघणार नाही.

हवा काढण्याचा क्रम पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. तो न मिळाल्यास मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. पेडल दाबणाऱ्याने ते हळू आणि निम्म्यापर्यंतच दाबावे. जुन्या मास्टर सिलिंडरच्या तळाकडचा भाग वर्षानुवर्षे वापरात नसल्याने खडबडीत झालेला असतो. पेडल पार तळाला नेल्यास सील त्यावर घासून फाटते. ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नये, आणि रंगावर सांडलेले ऑइल ताबडतोब पाण्याने धुवावे, कारण ते रंग उचलते.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबून घ्यावे. पॅड सरकवल्यानंतरचा पहिला ब्रेक रिकामा जातो. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळवण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० वरून २० पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा वेग उतरवावा. पूर्ण थांबू नये, आणि मध्ये थोडे अंतर ठेवावे. नंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून तो थंड होऊ द्यावा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहिल्यास पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे पेडलला जी थरथर येते, तिला लोक डिस्क वाकली असे म्हणतात.

समतोलाची चाचणी रिकाम्या, बंदिस्त जागेत, आधी कमी वेगाने करावी, आणि बाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीने कोणती चाके आधी लॉक होतात ते पाहावे. पुढचीच आधी व्हायला हवीत. हा बदल आपल्या देशातील वाहन तपासणीच्या नियमांत बसतो का, हे पाहून विमा कंपनीलाही कळवावे. काहीशे किलोमीटरनंतर चाके उतरवून बोल्टांचा टॉर्क, सर्व सांधे आणि पॅडची झीज तपासावी. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा ठळकपणे पातळ असेल तर सरकत्या पिना अडकत आहेत. दोन्ही पॅड एकाच टोकाला तिरपे झिजत असतील तर कॅलिपरचा ब्रॅकेट सरळ बसलेला नाही, आणि तो उतरवून बैठक पुन्हा मोजावी लागेल.